धडा

लिलावाच्या शेडमध्ये सतरा हंगाम
मी काटा सांभाळला.
गोणपाटात शिवलेली गासडी चढते,
काटा थरथरतो, थांबतो,
गोणपाटाचा धडा वजा करून मी आकडा ओरडतो.
अठ्ठ्याण्णव. एकशे चार.
सत्त्याऐंशी, ओल आहे, परत न्या.
खरेदीदार रांगेतून चालतात,
पान चुरगळतात, नाकाशी नेतात,
पुढच्या गासडीकडे वळेपर्यंत
कुणाचं तरी एक वर्ष विकून झालेलं असतं.

माझा थोरला भाऊ वायसन
कासुंगूच्या अलीकडे दीड एकरात हेच पान काढायचा.
खुडणीत त्याच्या बोटांवर काळा चीक चढे,
राखेनं घासला तरी जायचा नाही.
त्याच बोटांनी न्सिमाचा गोळा वळायचा
आणि त्याच बोटांनी, मळ्यातला टाकाऊ चुरा
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ओढायचा.
चांगलं पान विकायचं असतं, म्हणायचा,
आपल्याला चुरा.

संध्याकाळी काचासू.
वहिनीच गाळायची, एनेलेसी.
मक्याचा कोंडा, साखर, तांब्याची वाकडी नळी
आणि नळीच्या टोकाशी थेंब थेंब
दोन पोरींची फी.
पहिल्या धारेची वाटी वायसनची,
बरोबर उतरलीय का, कुणीतरी सांगायला हवं ना.
शेजारचा लाइटन आला की
मक्याच्या सालीत बांधलेला चांबा निघायचा,
एकच, तिघांत फिरायचा.
फार हसायचे.
तिघांतला तिसरा मी.

मग एका रविवारी न्सिमा अडला.
पाण्याबरोबर उतरला.
पीठ जाड दळलंय, म्हणाला.
एनेलेसीनं गिरणी बदलली.
मग पेज. मग पेजेवरचं पाणी.
थुंकीसुद्धा परत यायला लागली तेव्हा
मिनिबसनं लिलोंग्वे,
मांडीवर रिकामा डबा धरून.

डॉक्टरीण तरुण होती, तामांदानी नावाची.
तिच्या कागदावर तीन रकाने.
तंबाखू? दारू? चांबा?
वायसननं तीनदा मान हलवली.
किती वर्षं?
तो माझ्याकडे बघायला लागला.
मोजायचं काम घरात माझं.

ती म्हणाली, तंबाखू एकटी आली तर चोर,
दारू तिला आतून कडी काढून देते.
चांब्याचं अजून पक्कं सांगता येत नाही,
पण धूर तो धूर,
कुठल्या पानाचा ते घसा विचारत नाही.
वायसन घोगऱ्या आवाजात म्हणाला,
आमची आई कधी ओढायची नाही, प्यायची नाही,
तीही अशीच गेली, घास धरून.
डॉक्टरीण गप्प राहिली.
तसंही होतं, म्हणाली. पण तुमचं तसं नाही.
एनेलेसी आपल्या तळहातांकडे बघत होती,
जणू कुणी त्यांचीच झडती घेतंय.

नर्स म्हणाली, काट्यावर उभे राहा.
सवयीनं मीच पुढे झालो.
कोट, आमच्या बापाचा, जाडजूड.
बूट. कमरेचा पट्टा,
त्याला खिळ्यानं पाडलेली पाच नवी भोकं.
सगळ्याचा धडा मनातल्या मनात वजा केला
आणि ओरडता येईना.

एकोणचाळीस.

नळी बसवली, जाळीची. दोन महिने पेज उतरली.
एवढंच ती करू शकत होती, आणि तिनं ते केलं.

एप्रिलमध्ये शेड उघडली.
तिसऱ्या रांगेत वायसनच्या नावाची गासडी,
त्यानंच खुडलेली, एनेलेसीनं शिवलेली.
खरेदीदारानं पान चुरगळलं, नाकाशी नेलं,
मान डोलावली. चांगलं पान.
एकशे दोन, मी ओरडलो.
आवाज नेहमीसारखाच निघाला.
पगार याच शेडमधून येतो माझा, तोही नेहमीसारखा.

रात्री एनेलेसीकडे पैसे द्यायला गेलो.
मडकं चुलीवर होतं. थोरली पोर परीक्षेचं पाठ करत होती.
नळीतून पहिली धार वाटीत पडली,
भरली,
आणि बराच वेळ तिथेच राहिली.
बरोबर उतरलीय का, तिनं विचारलं नाही.
माझी बोटं वाटीपर्यंत गेली होती.