सगळं एक जानेवारीचं

सावद्याच्या वजनकाट्यावर मी नोंदी करते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी म्हणजे केळी.
टेबलाच्या खणात, पावतीपुस्तकांच्या खाली
हा असतो, चंदेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा जाड,
भाच्यानं पुण्याला जाताना टाकून दिलेला.
सेलच्या झाकणाची कडी मोडलीय
म्हणून त्याला माझ्या केसांचा रबर.

चालू केला की नळी पुढे येते, किर्र्र करत,
आणि कधीकधी अर्ध्यावरच अडते.
मग डावीकडून एक टिचकी. जोरात नाही.
ती किती जोरात नाही, हे कळायला
मला एक अख्खा उन्हाळा लागला.

सेल काढले की तो तारीख विसरतो.
पुन्हा एक जानेवारी दोन हजार आठ.
आधी मी बसून नीट लावायचे, दिवस, महिना, साल.
मग सोडून दिलं.
आता कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांत
सगळं एकाच दिवशी घडलंय:
मे महिन्यात काट्याच्या पत्र्याखाली सावली शोधणारी कुत्री,
भरताच्या वांग्यांखाली पेटलेल्या तुरकाठ्या,
श्रावणात डोक्यावर कानबाई घेऊन निघालेली
आमच्या गल्लीतली इंदूबाई फेगडे,
आणि घड उतरवताना चिकानं काळे पडलेले सतरा हात.
केवढा दिवस होता तो!

बटण दाबलं की लगेच काढत नाही.
विचार करतो.
मुकादम कौतिक भारंबे हसतो तेव्हा मी दाबते
आणि येतो तो हसून झालेला कौतिक,
ओठ मिटायच्या बेतात, डोळे अजून तिथंच.
"तुले काही दुसरं काम नही का वं?" म्हणतो
आणि टोपी सरळ करून पुन्हा उभा राहतो.
ताठ केलेला चेहरा कुणाचाच चांगला येत नाही.
हसून झालेला येतो.
हे मी ह्याच्याकडून शिकले, असं म्हणणार होते,
पण मी आधीपासूनच अशी,
बोलणं संपल्यावर सुचणारी.

दुपारच्या उन्हात मागचा पडदा दिसत नाही,
नुसती काळी पाटी, तिच्यात माझंच नाक.
अंदाजानं धरते.
बोटाखालची चाप उजवीकडे ढकलली
की सातपुडा केळीच्या बागेवरून पुढे सरकतो,
दहा पट, असं त्याच्या अंगावर लिहिलंय.
त्याहून ढकलला तर डोंगराचे ज्वारीसारखे दाणे होतात.
मी ढकलते. मला दाणेही आवडतात.

एक पंजाबी ड्रायव्हर, दलबीर,
केबिनमध्ये चढताना चपला काढतो, देवळात शिरावं तसा.
तो मी लांबून टिपला होता.
पुढच्या खेपेला दाखवला.
त्यानं पाय पाहिले नाहीत, चपला पाहिल्या नाहीत,
कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं.
दोन हजार आठात तर, म्हणाला,
ही गाडी बाप चालवायचा. मी चौथीत होतो.
मी म्हटलं, तारीख चुकीची आहे, थांब, लावून देते.
नको, म्हणाला. राहू दे.

फैजपूरच्या स्टुडिओवाल्यानं विचारलं,
ताई, तारीख कापून टाकू का?
नाही म्हटलं. बारा रुपये दिले.
फोटो आता त्या ट्रकच्या आरशामागे आहे
किंवा पडला असेल कुठं, दिल्लीच्या वाटेवर.

आज सेल संपले.
दुकान बंद, बाहेर खिरणीवर कोवळं तिरपं ऊन,
असं ऊन जे पाच मिनिटंही थांबत नाही.
एक सेल टॉर्चचा काढला,
दुसरा भिंतीवरच्या घड्याळाचा.
चारच फोटो निघाले. दोन हललेले.
घड्याळ सहा वाजून चार मिनिटांवर उभं.
तेवढ्यात शेवटची गाडी काट्यावर चढली
आणि पावतीवर वेळ लिहिताना
मला ती ड्रायव्हरला विचारावी लागली.