अकरावी गाठ

मी स्कूटरवाला बाप होतो, हे आधीच कबूल करतो.
सहा पन्नासला निघायचं, सातला घंटा,
मधे कन्नमवार नगरातले दोन चौक
आणि एक उलटी गल्ली, जिथे सगळेच घुसतात
म्हणून मीही घुसायचो.
ऋजुता पुढे उभी, पाठीवर दप्तर, तोंडात अर्धी पोळी,
आणि तिच्या डोक्यावरून मी बघायचो
रस्त्याकडे कमी, घड्याळाकडे जास्त.

त्या मंगळवारी उलट्या गल्लीच्या तोंडाशी
पिवळी दोरी आडवी आली.

नायलॉनची, कपडे वाळत घालायची.
दहा गाठी, नऊ मुठी.
पुढच्या टोकाला कुंदाताई परुळेकर,
आमच्या निम्म्या इमारतीला पोळ्या पुरवतात त्या,
मनगटाला अजून पीठ.
मी ब्रेक दाबला.
चाक थांबलं शेवटच्या मुठीपासून वीतभरावर.
मूठ होती दुसरीतल्या झैदची.
तो रडला नाही. नुसता बघत राहिला,
पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरीच नसावी, तसा.

मला वाटलं, आता शिव्या.
कुंदाताई म्हणाल्या, "पोरीला उतरवा खाली.
इथून चालत चार मिनिटं."
मी म्हणायच्या आत ऋजुता उतरली होती.
रिकामी गाठ धरूनही झाली होती.
पेट्रोल, फी, हप्ते, सगळं मोजणारा मी,
ही चार मिनिटं कधी मोजलीच नव्हती.

बुधवारी स्कूटर जिन्याखाली राहिली.
घरापासून शाळा सतरा मिनिटं, रमतगमत एकवीस.
एवढ्यात काय काय असतं!
बंद फ्रिजमध्ये व्यालेली मांजर.
कालच्या मॅचवर भांडत शर्टाची कॉलर बसवणारा इस्त्रीवाला.
पावाची लादी मोजताना
रोज बेचाळीसलाच चुकणारा म्हातारा.
ऋजुताला हे सगळे नावानिशी ठाऊक झाले
आठवड्याच्या आत. मला पंधरवडा लागला.

माझी शिकवणीही लागली.
"काका, आधी उजवीकडे, मग डावीकडे,
मग परत उजवीकडे," झैद म्हणाला,
"दोनदा बघतात ते मोठे लोक."
झेब्राचे पट्टे पुसलेत, तरी तिथूनच जायचं.
उभ्या टेम्पोच्या आडून कधीच नाही,
आपल्याला टेम्पो दिसतो, टेम्पोमागच्याला आपण नाही.
फुटपाथ संपला
(तो फारच लवकर संपतो)
की दोरी आखडायची, रांग एकेरी,
दप्तरं भिंतीला घासत.

चौथीतला प्रणित सायकल आणतो,
मामाची जुनी, सीट पार खाली केलेली.
चौक आला की टुणकन उतरतो
आणि तिला हाताने चालवत नेतो,
बाजारातून म्हैस न्यावी तशी, तिच्याशी बोलत.
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट.
"नाय लावला तर ती नुसती टोपी," म्हणतो.

एकदा कुंदाताईंकडे साखरपुड्याच्या दोनशे पोळ्या होत्या.
दोरीचं पुढचं टोक माझ्या हातात आलं.
इतक्या हळू मी मुंबईत कधीच चाललो नव्हतो.
हॉर्न वाजले. वाजू दिले.

त्या मंगळवारबद्दल झैद काही बोलत नव्हता.
मीही विचारलं नाही, धीर नव्हता.
दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी,
बुटाचं वेल्क्रो नीट लावताना, मान खालीच ठेवून
तो म्हणाला,
"काका, त्या दिवशी मी उजवीकडेच बघत होतो.
तुम्ही डावीकडून आलात."

रात्री गॅलरीत बसून
दोरीला आणखी एक गाठ मारली.
अकरावी, सगळ्यात मागची.
ती माझी.
सकाळी झैदच्या मागे असतो मी.
मुलं तीनदा बघतात, शिकवल्याप्रमाणे.
मी त्या गल्लीपाशी डावीकडे बघत राहतो,
दोरीचं शेवटचं टोक
पलीकडच्या फुटपाथला लागेपर्यंत.