कपात

वसमतच्या मोंढ्याला, फाटकाशी भुईकाटा आहे.
त्याच्या केबिनीत मी बसते.
हळदीची ट्रॉली चढते : भरलेलं वजन.
उतरवून परत येते : रिकामं.
राहतं ते निव्वळ. पावती फाडते.
बारा वर्षं हेच.

गेल्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला,
मला थंडी वाजायला लागली.
पंखा बंद, अंगात लेकीचं शाळेचं स्वेटर.
ट्रॅक्टरवाले खिडकीतून वाकायचे,
"म्याडम, शिमल्याला निघालात का काय?"
मी हसायची, तर आवाज घोगरा.
कंगव्यात केसांचा बोळा, बांगडी मनगटात रुतलेली,
आणि घरच्या काट्यावर अकरा किलो जास्त.

जाऊ म्हणाली, "बसून खायलीस, दुसरं काय."
मी रात्रीची भाकरी सोडली. मग भात.
दीड महिना नुसतं वरणाचं पाणी.
वजन जागचं हललं नाही.

परभणीला सोनखेडकर डॉक्टरीणबाईंनी
दोन बोटं गळ्यावर ठेवली, डोरल्याच्या जरा वर,
म्हणाल्या, गिळा.
गिळलं.
गिळायची सवय होतीच.

रिपोर्टमध्ये टीएसएच अठरा पॉइंट चार.
"मेंदू हाका मारतोय, ही ग्रंथी ओ देत नाहीये.
अठरा हा त्या हाकांचा आकडा.
आत जाळच मंद झालाय, बाई,
उपाशी राहून तो आणखी मंदच होणार.
आणि हे सगळं चरबी नाही,
बरंचसं पाणी आहे, मीठ आहे."

मला ओली हळद आठवली.
व्यापारी पोत्यात यंत्र खुपसतो,
ओलाव्याची कपात धरतो,
किलोवरून भांडणं होतात,
पण पोत्याला कोणी आळशी म्हणत नाही.

माझी कपात कोणीच धरली नव्हती.
मीसुद्धा.

आता पहाटे एक गोळी, अनशापोटी.
मग चहाला अर्धा तास थांबायचं.
तो अर्धा तास फार मोठा असतो,
दूधवाला येऊन जातो, नळ येऊन जातो,
जाऊ विचारते, "आज चहा नाही का?"
मी सांगते, आहे.

काल मोंढा बंद झाल्यावर
मी स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहिले, मधोमध,
बावीस चाकी ट्रक उभा राहतो तिथं.
बाहेरच्या पाटीवर लाल आकडा आला : ऐंशी.
ह्या काट्याला दहाच्या खाली काही दिसत नाही.
गेलेले तीन किलो त्याच्या हिशोबात नाहीत,
जावेच्याही नाहीत.
बांगडी मात्र मनगटावर फिरते.

केबिनीत परत आले तर यंत्र विचारत होतं,
वाहन क्रमांक?
रकाना बराच वेळ लुकलुकत राहिला.