माया

बोरकरबाईंच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात
खडूनं दुसरी रेघ मारायला शिकवलं होतं.
पहिली रेघ मापाची.
दुसरी तिच्याबाहेर, दीड इंचावर, मायेची.
"माया कापू नकोस गं कुंदा,
बाईचं अंग एका मापात राहत नाही."

तीस वर्षं झाली.
कन्नमवार नगरातल्या अर्ध्याअधिक बायका
माझी माया काखेत घेऊन फिरतात.
बाळंतपण, थायरॉइड, रजेवर बसून खाल्लेले लाडू,
एकेक टीप उसवली
आणि जुना ब्लाउज नव्या अंगाला बसला.

माझ्या दिवसाला तेवढी सोडायची राहिली.
सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर फॉल-पिको,
जेवताना डाव्या हातात कुणाचं तरी अस्तर,
रात्री साडेदहाला बेल :
"ताई, झोपला नाहीत ना?"
या प्रश्नाला एकच उत्तर असतं
आणि मी ते गोड आवाजात देत आले.

मग अश्विनातल्या एका मंगळवारी
नवरीच्या पैठणीच्या काठाच्या
दोन्ही बाह्या मी डाव्या कापल्या.

दोन्ही डाव्या.
टेबलावर शेजारी शेजारी ठेवून
मी बराच वेळ बघत होते.
कात्री हातातच होती.

खिडकीसमोर टॉवरचा पाया खणताहेत.
दुपारी एकला ड्रिल थांबतं.
पोरं ताडपत्रीच्या सावलीत
डोळ्यांवर कोपर टाकून आडवी होतात,
मिक्सर तोंड वर करून गप्प.
तेवढ्यानं टॉवर बुटका झाल्याचं
अजून कुणी म्हणालेलं नाही.

त्याच खडूनं दारावर लिहिलं :
"कृपया दोन ते चार बंद. क्षमस्व."
बाहेर जाऊन वाचलं.
"क्षमस्व" पुसलं.
"कृपया" राहू दिलं दोन दिवस,
मग तेही.
बेलचे सेल काढून बटणांच्या डब्यात टाकले.

पहिल्या दुपारी चटईवर पडले, पण
पाय हलतच होते, खाली पायडल नसताना.
पंख्याचं एक पातं जरा खाली झुकलंय,
हे मला या घरात तीस वर्षांनी कळलं.

दोन वीसला टकटक.
"कुंदा? अगं, फक्त एक हूक!"
दळवीबाई.
या "फक्त"ला मी किती वेळा दार उघडलं असेल,
भाजीला फोडणी अर्धी टाकून,
केसांत शिकेकाई तशीच ठेवून.
आपल्याच घरात चोरासारखा
श्वास धरून पडून राहिले.
चपला थांबल्या. वळल्या.
चौथा मजला, तिसरा, दुसरा,
मग हायवेची नुसती घरघर.
काही कोसळलं नाही.
मला जरासं वाईटही वाटलं त्याचं.

गुरुवारी मात्र उघडलं.
रेश्माची सासू गेली होती,
पांढरा ब्लाउज हवा होता तासाभरात.
ती दारात उभी, हातात कापड,
आणि मापसुद्धा न घेता मी मशिनवर बसले.
हे म्हणाले, "झालं तुझं बंद?"
म्हटलं, उसवायलाच तर सोडतात माया.
शुक्रवारी त्याच जागी
पुन्हा टीप मारली.

आता झोप लागते.
रोज नाही. लागली की खोल लागते,
गालावर चटईची नक्षी उमटते.

काल चारला दार उघडलं तर
दळवीबाई पायरीवर बसलेल्या,
पिशवी मांडीवर.
"झोपली होतीस?"

तोंडात जुनंच उत्तर आलं होतं,
नाही हो, जरा पाठ टेकली इतकंच.

"हो," म्हटलं.

त्या माझ्या गालाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "बरं केलंस,"
आणि हूक बाजूला ठेवून
आधी पाणी मागितलं.