अर्धी बादली

पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं.
आधी पिंप, मग हंडे, मग कळशा,
आणि राजमणी काही म्हणायच्या आत
अर्धी बादली मी मागे सरकवतो
टेम्पोच्या फिल्टरसाठी.

"माणसं कोरडी, गाडीला आंघोळ."
खरंय. मी ऐकून घेतो.

फिल्टर काढला की उंबऱ्याच्या कडेवर
हलकेच आपटायचा.
काय काय पडतं त्यातून:
अक्कलकोट रोडची पांढरी माती,
माशीचा एक पंख,
आणि टॉवेलच्या कारखान्यांमधला तंतू,
करडा, मऊ, मांजराच्या अंगावरून निघावा तसा.
माझ्या वडिलांच्या छातीतही हाच होता,
तीस वर्षं मागावरची कमाई.
ती छाती धुऊन देणारं कुणी भेटलं नाही.

हे सगळं शिकवलं इलियास नदाफनं.
त्याचे आजोबा गल्लोगल्ली कापूस पिंजत फिरायचे,
तो गॅरेज चालवतो,
पण बोटं अजून पिंजाऱ्याची.
"कॉम्प्रेसरची हवा मारू नको बे,
कापूस हाय त्यो, लोखंड न्हाई.
आतनं बाहेर पाणी सोड.
धूळ ज्या वाटेनं आली
त्याच वाटेनं माघारी धाड."

साबणात दहा मिनिटं. मग बारीक धार.
पाणी आधी काढ्यासारखं, मग चहासारखं,
मग निवळीसारखं;
ते मी तुळशीला घालत नाही,
अंगणात शिंपडतो.
वाळवायचा सावलीत.
आमचं ऊन पापडांसाठी ठीक आहे.
रात्रभर ठेवतो शिवणयंत्रावर,
सकाळी दोन्ही बाजूंनी गाल लावून बघतो,
ओल गालाला आधी कळते.

मग तेल, प्रत्येक घडीवर एकच रेघ.
पहिल्या वेळी मी सढळ हातानं ओतलं होतं,
गाडी आठवडाभर खोकत राहिली.
इलियास हसला,
"शेंगाची चटणी करतोयस व्हय,
तेल सुटेपर्यंत?"

हस्ताचा पाऊस होता, रात्री नऊची वेळ,
मागे पाचशे टॉवेल, पार्सल ऑफिस बंद व्हायला आलेलं,
आणि रेल्वेच्या पुलाखाली पाणी.
मी थांबलो.
मागून हॉर्न. "जा की बे, गुडघाभरच हाय!"
गुडघा कुणाचा, हा प्रश्न आहे.
माझा टेम्पो जिथून श्वास घेतो
ते तोंड जमिनीपासून तीन वीत.
मी मोजून ठेवलंय, स्वतःच्या विती.

एक नवी कोरी मोटार बाजूनं पुढे गेली,
बॉनेटसमोर लाट उभी करत.
मध्यावर दोन खोकले.
मग गप्प.

चप्पल हातात घेऊन मी पाण्यात उतरलो.
पोरगा विशीतला, घामानं भिजलेला.
"नुसती बंद पडलीय काका, एकदा सेल्फ मारतो."
मी खिडकीतून हात घालून चावीच काढून घेतली.
तो रागावला. रागावू दे.
"हवा दाबली की दबते, बाळा.
पाणी दबत नाही.
आत गेलं असेल तर दांडी वाकेल,
मग इंजिनच उतरवावं लागेल."
माझ्याही तोंडून हे पहिल्यांदाच
इतकं सरळ निघालं.

हॉर्न वाजवणारे दोघे खाली उतरले,
आम्ही चौघांनी ढकलत तिला चढावर आणली.
पोरगा थरथरत होता, थंडीनं की हप्त्यांच्या विचारानं.
मागचा गठ्ठा सोडून
एक टॉवेल त्याला दिला, निळ्या काठाचा.

पार्सल ऑफिस बंद झालं होतं.
दुसऱ्या दिवशी शेठनं मोजले, चारशे नव्याण्णव.
साठ रुपये कापले
आणि उशिराचं बोलला ते वेगळंच.

त्या रात्री घरी आल्यावर
बॅटरीच्या उजेडात मी डबा उघडला,
घड्यांमधून बोट फिरवलं.
कोरडा.
बोटाला तेवढं तेल, थोडा करडा तंतू.
राजमणीनं दारातून विचारलं, काय झालं.
काही नाही, म्हणालो,
पाणी कधी येणार?
"परवा," ती म्हणाली. "आलं तर."