पंधरा गुणांचा प्रश्न

ईस्टरच्या सुट्टीत आमच्या डोंगरावर दोनच गोष्टी होतात :
मेंढ्या वितात
आणि मी नापास व्हायची तयारी करते.
असं बाबा म्हणतात.

धर्म-अभ्यासाची कार्डं मी शेडच्या तारेला चिमट्यांनी टांगलीत.
निळी ख्रिस्ती, हिरवी इस्लामची.
पिवळी मुळात पांढरीच होती,
नाळेला लावायचं आयोडीन सांडलं त्यांच्यावर.

प्रॉसरबाईंनी फळ्यावर शिडी काढून दिली होती :
विधान. आधार. उलगडा. दुसरी बाजू. निष्कर्ष.
गुणामागे एक मिनिट, श्वासाला एकही नाही.
"आणि हेलेद, 'मला वाटतं' हे शेवटच्या पायरीवर.
तोवर तुला काही वाटत नसतं."

हिरव्या कार्डांवरचं अक्षर हरूनचं.
त्याच्या वडिलांचं बँगोरमध्ये मटणाचं दुकान,
बकरी ईदला आमच्याकडूनच नेतात.
मी त्याला प्रायश्चित्त दिलं,
त्याने मला इब्राहिम, सुरी
आणि ऐन वेळी आलेला मेंढा.
कडेला पेन्सिलीने लिहिलंय :
मेंढ्याला कुणी विचारलं नाही.
(हे पेपरात लिहू नकोस.)

'येशूच्या मरणाने माणसाचं पाप झाकलं जातं.' चर्चा करा.
रात्रीचे अडीच. मी विधानापाशी होते,
तेवढ्यात सत्तेचाळीस नंबर व्याली.
कोकरू मेलेलं.
बाबांनी ते मागच्या पायांनी धरून झुलवलं,
नाकात काडी घातली, तोंडात फुंकलं,
मग खाली ठेवलं.
ती चाटतच राहिली.

पलीकडे खोक्यात, दिव्याखाली, एक होतं :
तिळ्यातलं तिसरं. आईला सड दोनच.
बाबांनी सुरी मागितली. मी टॉर्च धरला.

कातडं मोज्यासारखं निघतं.
पायांच्या जागी चार भोकं उरतात,
त्यांतून या दुसऱ्याचे पाय ओवायचे.
मोठ्या भावाचा स्वेटर चढवल्यासारखं
ते उभं राहिलं, लडबडत,
शेपटीवर शेपटी.

सत्तेचाळीसने हुंगलं.
पुन्हा हुंगलं, शेपटीखाली, बराच वेळ.
चॅपलचा उंबरा न चढणारे माझे बाबा
पुटपुटले, घे गं, घे.
आणि तिला पान्हा फुटला.

मी तिथेच गवताच्या गासडीवर बसून
दोन पानं लिहिली.
झाकणं म्हणजे काय, हे मला आता कुणी सांगायला नको होतं.

बाईंचा शेरा लाल शाईत :
"वाचता वाचता माझा चहा गार झाला. पण आधार कुठे?
परीक्षक तुमच्या शेडमध्ये येणार नाही.
अध्याय आणि वचन दे. सहा गुण."

मग मी कोकरू काढलं.
टॉर्च काढला, बाबा काढले.
यशया घातला, पौलाचं एक पत्र घातलं.
तेरा.

दोन गेले ते 'दुसऱ्या बाजू'त.
तिथे मी प्रत्येक वेळी लिहिते :
काही लोक मात्र म्हणतील की
आणि घड्याळ बघते.

तिसऱ्या दिवशी कातडं कुबट यायला लागलं.
बाबांनी ते कात्रीने कापून बादलीत टाकलं.
आत निघालं एक गुबगुबीत परकं पोर,
आतापर्यंत तिच्याच दुधाचा वास लागलेलं.
तिने पाय आपटला. एकदाच.
मग पिऊ दिलं.

बादली बाहेर न्यायचं काम माझं.
मी तिच्यासमोरून गेले
तर ती उठली,
ते पोर सडाला लोंबकळत असताना
माझ्यामागे दारापर्यंत आली,
बादलीवर मान लांबवून
हुंगत उभी राहिली.

काही लोक मात्र म्हणतील की.