खोकून दाखवा

दोन पिशव्या. दोन्ही पाण्यासारख्या.
दोन्हींत बुपिवाकेन, बेतानं;
एकीत सोबतीला फेंटानिल, दुसरीत मॉर्फिन.
कुणाच्या वाट्याला काय, ते डॉक्टर मिलेंका बाकोविचच्या
कपाटातल्या लाखबंद पाकिटाला ठाऊक.
मला फक्त नंबर. सतरा, अठरा, एकोणीस,
आणि पाठीत, दोन मणक्यांच्या फटीत शिरलेली
शेवईएवढी नळी.

पुन्ता अरेनासच्या या वॉर्डात रात्रभर
दर दोन तासांनी मी विचारते,
शून्य ते दहा, किती?
मग म्हणते, आता खोकून दाखवा.
पडल्या पडल्या सगळेच शूर असतात.
दुखणं खरं बोलतं ते खोकल्यात.

सतरा नंबर, डॉन एलेउतेरियो.
सामुद्रधुनीपलीकडच्या कुरणांवर
चाळीस हंगाम मेंढ्या भादरल्या,
आता त्यांचंच पोट उभं उसवून शिवलंय.
आकडा मागितला की खिडकीकडे बघतात.
"आकडे मेंढ्यांना, बाई. मला वारा विचार."
तेव्हापासून आमचं ठरलं:
झुळूक म्हणजे दोन.
टोपी धरावी लागली तर चार.
नगरपालिका रस्त्याकडेनं दोर बांधते
आणि माणसं ते धरून कोपरा ओलांडतात, तो सात.
दहा त्यांनी सांगितलाच नाही.
म्हणाले, दहाला सांगायला माणूस उरत नाही.

फडक्यात बर्फ गुंडाळून बरगडीखाली टेकवते.
गार लागतं? इथे? आणि इथे?
"बर्फ आहे एवढं कळतं.
गार लागत असेल दुसऱ्या कुणालातरी."

अठरा नंबर, डोन्या ओर्तेन्सिया.
दुखणं शून्य. खोकल्यावरही शून्य.
माझ्या तक्त्यात इतकं देखणं कुणी नाही.
आणि नाक खाजवून खाजवून लालबुंद,
मग गळा, मग तळहात,
मग पाठ चादरीला घासत पहाट.
तक्त्यात खाजेला एकच चौकोन: आहे, नाही.
केवढी, ते लिहायला जागा नाही.
जवळ बोलावून म्हणाल्या,
"पोरी, थोडं दुखणं परत दे
आणि या मुंग्या घेऊन जा."

मिलेंकाबाई चहा ढवळत समजावतात,
फेंटानिल तेलकट स्वभावाचं, ठेवलं तिथेच मुरतं.
मॉर्फिन पाण्यातलं.
मणक्याच्या पाण्यातून हळूहळू वर चढतं,
आणि सगळे निजले की
श्वासाच्या दाराशी येऊन बसतं.

दुसऱ्या रात्री, सव्वातीन.
डॉन एलेउतेरियो इतके शांत
की मला आधी बरंच वाटलं.
मग घड्याळ धरून छाती मोजली.
मिनिटात सहा.
पंप बंद. ऑक्सिजन. सुईतून उतारा.
मी कानात ओरडत होते, श्वास घ्या, श्वास घ्या,
जशी ती मीच दिलेली वस्तू आहे.

ते परत आले, आणि त्यांच्यासोबत सगळं पोट परत आलं.
न सांगता खोकले.
वारा नाही, टोपी नाही, दोर नाही.
माझं मनगट धरून म्हणाले, "दहा."
मी लिहिलं: दहा.
एवढ्या आनंदानं हा आकडा
मी कधी लिहिला नव्हता. लाजही वाटली.

पाकीट मार्चमध्ये उघडलं.
अहवालात एक ओळ आहे:
वेदनेच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही.
खाजेवर एक परिच्छेद. सव्वातीनवर तळटीप.
मी ती ओळ तीनदा वाचली. खोटी नाही.

नोव्हेंबरात चौकात ते दिसले,
एक हात दोरावर.
मला बघून थांबले, खोकून दाखवलं.
वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.
मी बोटं वर केली: किती?
प्रयोग तर बहात्तर तासांतच संपला होता.
त्यांनी दुसऱ्या हातानं
टोपी धरली.